हेवी मेटल, फुटबॉल आणि स्पेनचं राजकारण: तुमचे अनुभव लिहा

माद्रिदमध्ये या तीन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. कुठला क्लब म्हटलं, की कुठली वस्ती, कुणाला मत, तरुणपणी काय ऐकायचात, सगळं ओघानं येतं. यातलं एक जरी वेड असेल तरी इथे लिहा. सुरुवात मी करते.

मी रायो वायेकानो या फुटबॉल क्लबची. वायेकास ही शहराच्या आग्नेयेची कामगार वस्ती. स्टेडियमच्या एका गोलमागे गॅलरीच नाही. भिंत आहे, आणि पलीकडच्या इमारतींच्या खिडक्यांतून लोक मॅच बघतात. 2014 मध्ये वस्तीतल्या 85 वर्षांच्या आजींना मुलाच्या कर्जापायी घराबाहेर काढलं गेलं. मंदीनंतर असे प्रकार देशभर चालू होते आणि त्यावरून राजकारण तापलेलं होतं. तेव्हाचे प्रशिक्षक पाको खेमेस यांनी जाहीर केलं, की आजींच्या घरभाड्याचं आम्ही बघतो. क्लब असा हवा. ट्रॉफ्या नंतर.

पुण्याहून: माझ्या स्पॅनिशचा गुरू म्हणजे बारोन रोखो, 1980 मध्ये माद्रिदला सुरू झालेला बँड. क्रियापदांचे तक्ते घोकण्यापेक्षा त्यांच्या ओळी ऐकून वहीत उतरवणं मला मानवलं. त्यांचा ‘वोलुमेन ब्रुताल’ 1982 चा. हुकूमशहा फ्रँकोला जाऊन सात वर्षं झालेली, आणि आदल्याच वर्षी 23 फेब्रुवारीला लेफ्टनंट कर्नल तेखेरो सत्ता उलथवायला पिस्तूल घेऊन संसदेत घुसलेला. हे ठाऊक नसताना अल्बम नुसता दणदणीत वाटतो. ठाऊक झाल्यावर त्यातला संताप कळतो. त्या काळच्या माद्रिदचा विषय निघाला की सगळे ‘मोव्हिदा’ या सांस्कृतिक लाटेच्या रंगीत पॉपबद्दल बोलतात. मेटलची पोरं शहराच्या कडेच्या वस्त्यांतली, त्यांचं तेवढं कौतुक झालं नाही. हा अन्यायच आहे.

(पुणेकर, इकडे आलात तर माद्रिदजवळच्या लेगानेसला नक्की जा. तिथे 2000 सालापासून एसी/डीसी या रॉक बँडच्या नावाचा रस्ता आहे.)

मडगावहून: मे 2006, लीगचा शेवटचा सामना. बार्सेलोनाचा एस्पान्योल क्लब खालच्या विभागात जाणार असं दिसत असताना, नव्वद मिनिटं उलटल्यावर फेरान कोरोमिनासनं रेआल सोसिएदादवर गोल केला आणि क्लब वाचला. तोच कोरो 2017 मध्ये एफसी गोवात आला. पहिल्या मोसमात 18 गोल, दुसऱ्यात 16, दोन्ही वेळा इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) सगळ्यांत जास्त! फातोर्ड्याला त्याच्या पायात बॉल आला की अख्खा स्टँड उभा राहायचा. त्याच्यापायी आमचं घर एस्पान्योलचं झालं. बार्सेलोनात हे सोपं नाही. बार्सा हा कॅटलान अस्मितेचा क्लब, म्हणून एस्पान्योलवाल्यांवर माद्रिदधार्जिणेपणाचा शिक्का बसतो. माझी बहीण तिथे शिकायला होती. तिच्या घरमालकीणबाई पिढीजात एस्पान्योलच्या आणि घरात कॅटलानच बोलणाऱ्या. तो शिक्का त्यांना फार लागायचा.

बिल्बाओहून: आमच्या ऑफिसात कॉफीबरोबर जागांचा हिशेब चालतो. 350 खासदार, बहुमत 176. जुलै 2023 च्या निवडणुकीत उजव्या पीपीला 137 आणि आणखी उजव्या व्हॉक्सला 33, म्हणजे दोघांचे मिळून 170. समाजवादी 121 वर, तरी नोव्हेंबरात त्यांचे नेते पेद्रो सांचेझ 179 मतांनी पुन्हा पंतप्रधान झाले, कारण कॅटलान आणि बास्क पक्ष त्यांच्या बाजूनं गेले. 145 च्या आकड्यासाठी रात्री जागवलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही. सात खासदारांच्या जुन्त्स या कॅटलान पक्षानं पाठिंब्याच्या बदल्यात कॅटलान स्वातंत्र्यवाद्यांसाठी माफीचा कायदा मागितला, आणि 2024 मध्ये तो झालाही. मला तो योग्य वाटतो. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला मुळीच नाही, आणि तरी आमच्या अथलेटिक क्लबच्या मॅचला सान मामेस स्टेडियमवर आम्ही एकत्रच जातो.

त्यानंच मला 5 डिसेंबर 1976 चा फोटो दाखवला. सान सेबास्तियानचं आतोचा मैदान. अथलेटिकचा कर्णधार इरिबार आणि रेआल सोसिएदादचा कोर्ताबारिया, दोघांच्या मध्ये बंदी असलेला बास्क झेंडा. सोसिएदादच्या एका खेळाडूच्या बहिणीनं तो घरी शिवला होता. पुढच्याच महिन्यात बंदी उठली. हे सांगताना सहकाऱ्याचा आवाज भरून आला होता. त्या दिवशी अथलेटिक 5-0 हरला, हे मात्र मी विचारल्यावरच त्यानं सांगितलं.