लांब रननंतर बोटं सुजतात, उलटी होते. इलेक्ट्रोलाइट कोणतं घ्यावं?

उपवन_ते_येऊर: जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन करायची आहे, पहिलीच. रविवारी पामबीचवर 30 किमी केले, साडेचार तास लागले. स्लो आहे, माहितीये. दर दोन किमीला पाणी पीत होतो, एकूण साडेचार लिटर तरी, सगळं साधं. शेवटी डोकं ठणकायला लागलं, ठाण्याला घरी येऊन उलटी. अंगठी साबण लावूनही निघेना. ग्रुपवर सगळे म्हणतात डिहायड्रेशन, अजून पी. गोळ्या घेऊ की पावडर?

नेरूळची_पहाट: थांबा, आधी काही घेऊ नका. रनच्या आधी-नंतर वजन केलं होतं का?

उपवन_ते_येऊर: आधी 71.2, आल्यावर 71.9. कपडे ओले होते म्हणून लक्ष नाही दिलं.

नेरूळची_पहाट: साडेचार तास घाम गाळून वजन वाढलं? ओले कपडे म्हटलं तरी ते निदान किलोभर उतरायला हवं होतं. तुम्हाला पाणी कमी नाही, जास्त झालंय. लांब धावताना पाणी धरून ठेवणारं हार्मोन (एडीएच) चढलेलं असू शकतं, मग जास्तीचं पाणी लघवीवाटे जात नाही आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. 135 (मिलिमोल प्रति लिटर) च्या खाली गेलं की हायपोनेट्रेमिया. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनला 488 जणांचं रक्त तपासलं, 13 टक्क्यांना तो निघाला. ज्यांचं वजन वाढलं आणि जे चार तासांहून जास्त धावले, त्यांच्यात जास्त. तुमचं तेव्हा सोडियम किती होतं ते आता कळणार नाही, पण लक्षणं तीच आहेत. पेनकिलर घेतली होती का?

उपवन_ते_येऊर: गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन, निघताना.

नेरूळची_पहाट: ती बंद. किडनीवर ताण येतो आणि पाणीही अडतं.

कोकमवाली: मी शहाळं पिते, त्रास नाही.

नेरूळची_पहाट: प्या की, पण त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडं. घामात नेमकं उलट. टोपीवर पांढरे पट्टे उमटत असतील तर मीठ जास्त जातंय. डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं ओआरएसचं पाकीट घ्या, मोठं पाकीट एका लिटरला, अर्ध्या बाटलीत कोंबू नका. बीपी असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि हे घेऊनही घटाघटा प्यायलात तर सोडियम उतरणारच; मीठ म्हणजे हवं तेवढं प्यायचा पास नाही. तहान लागली की प्या, स्टॉल दिसला म्हणून नको.

घोडबंदर_हाफ: एक भर. रननंतर कोणी बरळायला लागलं, झोक जात असतील, तर तोंडाला बाटली लावू नका, सलाइनही परस्पर चढवू नका. हॉस्पिटलला न्या, "खूप पाणी प्यायलाय, सोडियम बघा" असं आपणहून सांगा. नाहीतर उन्हाचा त्रास समजतात.

उपवन_ते_येऊर: रिपोर्ट. आज 15 किमी, दोन तास. अंग पुसून, कोरड्या चड्डीवर वजन: 71.0 वरून 70.3. मध्ये एक लिटर, ओआरएस घालून. म्हणजे घाम 1.7 लिटर, तासाला 850 मिली, बरोबर ना? त्या दिवशी मी तासाला लिटर रिचवत होतो. अंगठी फिरतेय. ग्रुपवर हे टाकलं तर कोच म्हणाले, "तरी पाणी कमी पडू देऊ नकोस."

नेरूळची_पहाट: हिशोब बरोबर. कोचना 71.9 चा आकडा दाखवा.