रोमन विजययात्रेतला लॉरेल मुकुट पितळेत: डाख लावताना पानं वितळतात

प्रश्न (पत्रा_आणि_तार):
इतिहासाच्या प्रदर्शनासाठी विजययात्रेतल्या (युद्ध जिंकून आलेल्या सेनापतीची रोममधली मिरवणूक) रोमन सेनापतीचा लॉरेल मुकुट करायचाय, डोक्यावर घालता येईल असा. पानं 0.2 मिमी पितळी पत्र्याची, नमुना तमालपत्राचा. पान थेट 2 मिमी तारेला डाख (सांधा जोडणारा वितळणारा धातू) लावून जोडलं की पानाची कड वितळते आणि तार डाख धरत नाही. मूळ मुकुट सोन्याचाच होता ना?

ऐरण:
पत्रा बरोबर आहे, जोड चुकतोय. पातळ पान क्षणात तापतं, जाड तार मागे राहते. डाख धावतो गरम भागाकडे, म्हणजे पानाकडेच. आधी प्रत्येक पानाला 1 मिमी तारेचा देठ टाकणखार लावून वेगळा झाळा, म्हणजे डाखाने जोडा. मग ते देठ मुख्य तारेवर बारीक तारेने गुंडाळून बांधा, तिथे ज्योत नकोच. सुरुवात कपाळाकडच्या टोकापासून करा, म्हणजे मागचं पान पुढच्याचा देठ झाकतं.

शिरा पान लाखेच्या थरावर ठेवून, बोथट टोकाने, मागच्या बाजूने दाबा. आधी मधली, मग बाजूच्या. उलट केलंत तर पान मुरडतं. पत्रा तापवून मऊ करायचा तो शिरांआधी. देठाच्या झाळीतही ज्योत देठाच्या बुडाशीच ठेवा. सगळं पान लाल झालं तर ठोकून आलेला ताठपणा जातो आणि पान लोंबतं.

आणि नमुना बदला! तमालपत्राला बुडापासून टोकाकडे तीन ठळक शिरा जातात. लॉरेलला (भूमध्य समुद्राकडचं सदाहरित झाड) मधोमध एकच, तिच्यातून दोन्हीकडे बारीक उपशिरा, कड किंचित लाटेदार. पान 6 सेंमी पुरे. अशी 44 पानं आणि 60 सेंमी तार मिळून वजन 70 ग्रॅमच्या आसपास, देठ वेगळे.

नाणी_आणि_मुद्रा:
डोक्यावरचा सोन्याचा नव्हता. विजययात्रेत सेनापतीच्या डोक्यावर खऱ्या लॉरेलच्या पानांची माळ असे. सोन्याचा जड मुकुट रथात मागे उभा असलेला सरकारी गुलाम त्याच्या डोक्यावर धरून ठेवी. रोमन लेखक थोरला प्लिनी त्या मुकुटाला एट्रुस्कन, म्हणजे इटलीतल्या जुन्या एट्रुस्कन लोकांचा, म्हणतो. त्याच वेळी विजेत्याच्या बोटात अंगठी मात्र लोखंडी, हेही तोच सांगतो. मला ही जोडी फार बोलकी वाटते.

प्रांतांनी आणि शहरांनी पाठवलेले सोन्याचे मुकुट हा तिसराच प्रकार. इ.स.पू. 46 मध्ये सीझरच्या विजययात्रांत असे 2,822 मुकुट होते, एकूण 20,414 रोमन पौंड, असं इतिहासकार अॅपियन लिहितो. पौंड सुमारे 327 ग्रॅमचा धरला तर एकेक सरासरी 2.3 किलोच्या वर. हे घालायचे दागिने नव्हेत, मुकुटाच्या आकारातली खंडणी. पुढे ती रोखीनेच घेऊ लागले. इ.स.पू. 29 मध्ये इटलीतल्या शहरांनी देऊ केलेलं असं 35,000 पौंड सोनं ऑगस्टसने (पुढे रोमचा पहिला सम्राट) माफ केलं.

तेव्हा तुमचा पितळी मुकुट डोक्यावर ठेवू नका, गुलामाच्या हातात द्या. सेनापतीच्या माळेला हिरवी पानंच वापरा.

पत्रा_आणि_तार:
मग माळ मागे कशी बांधायची?

नाणी_आणि_मुद्रा:
सम्राटांच्या नाण्यांवर स्पष्ट दिसतं: दोन फांद्या, टोकं कपाळावर समोरासमोर, बुडं मानेमागे फितीने बांधलेली. गाठीखाली फितीची दोन्ही टोकं मोकळी लोंबू द्या.