डेझर्ट कूलर गोव्यात आणू नका

जोधपूरहून पणजीला बदली होतेय, तिकडचा मोठा कूलर सोबत आणू का असं विचारलंय तुम्ही, आणि वर एकाने लिहिलंय की आणा, एसीचं बिल वाचेल. मी तरी सांगेन आणू नका. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, त्यामुळे हवा कोरडी असेल तरच त्याचा उपयोग. तिकडे ४२ डिग्री आणि आर्द्रता १५ टक्के असली की चांगला कूलर २६-२७ पर्यंत हवा आणतो, पण आपल्याकडे मे महिन्यात ३४ डिग्री आणि ७० टक्के दमट म्हणजे हवा कितीही भिजवली तरी २९च्या खाली जाणारच नाही, उलट खोलीत अजून चिकचिक आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशी. आम्ही म्हापशाला एक उन्हाळा हा प्रयोग केलाय, गाद्यासुद्धा ओलसर लागायच्या!

इथे इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) घ्या, २६वर ठेवून पंखा लावा, पावसाळ्यात ड्राय मोड, म्हणजे हवेतला दमटपणा काढणारी सेटिंग, पुरतो. हॉट अँड कोल्डवाला मात्र नको, त्याची गरज तिकडच्या थंडीतल्या रात्रींना, इथे हीटर कशाला लागतोय.

सर्व्हिसिंगचंही वेगळं आहे बघा, तिकडे धूळ म्हणून फिल्टर सारखे धुवायचे, इथे खारा वारा बाहेरच्या युनिटची कॉइल, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी नळ्यांची जाळी, खातो. समुद्राकाठी मिरामार किंवा दोनापावलाला घर घेणार असाल तर गंज रोखणाऱ्या कोटिंगवाली कॉपर कॉइल आहे का हे दुकानात आधी विचारा आणि बाहेरचं युनिट अधूनमधून गोड्या पाण्याने धुवून घ्या.