पहिल्या सेमला 18 क्रेडिट घेऊ का? सीएस मेजर, पर्ड्यू (लांबलंय, सॉरी)

मिरज_जंक्शन

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातला, यंदा एचएससी झालं, सायन्सला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स होतं. दहावीपर्यंत मराठी मीडियम. ऑगस्टमध्ये अमेरिकेत पर्ड्यू युनिव्हर्सिटीला सीएससाठी (कॉम्प्युटर सायन्स) जातोय, व्हिसा झालाय, तिकीट झालंय आणि आता हे कोर्स निवडायचं प्रकरण आलंय, त्यात माझं डोकं पूर्ण बंद पडलंय, कारण आपल्याकडे कसं, कॉलेज सांगेल ते सहा विषय आणि विषय संपला. इथं चार वर्षांचा नकाशा देऊन म्हणतात तूच ठरव.

मी केलेला प्लॅन असा: सीएस 180 (जावा, 4 क्रेडिट), सीएस 182 म्हणजे डिस्क्रीट मॅथ (3), कॅल्क्युलस 2 (4), इंग्लिश कॉम्पोझिशन (4) आणि स्पीचचा कॉम 114 (3). टोटल 18. कॅल्क 1 सोडला कारण लिमिट, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन सगळं अकरावी-बारावीला घासून झालंय, मॅथ्सला 94 आहेत. टूल्सचा एक क्रेडिटचा कोर्स दिसतोय तो सोडला, एका क्रेडिटचा म्हणजे असून असून काय असणार.

न्यू जर्सीचे मामा म्हणतात 12 ला पण तीच फी आणि 18 ला पण तीच, मग 18 च घे, एक सेम आधी सुटशील, बापाचे तेवढे पैसे वाचतील. बाबा काही बोलत नाहीत पण एज्युकेशन लोनचं पासबुक टेबलावरच असतं. परवा रात्री अॅडव्हायझरची झूम मीटिंग आहे. त्याआधी कुणीतरी सांगा हे बरोबर आहे का. प्लीज खरं सांगा, "तू हुशार आहेस जमेल" नको.

वाबाशकाठचा

अभिनंदन रे! मी इथंच आहे, थर्ड इयर, सीएस. मुद्द्यावर येतो.

पहिली गोष्ट, 182 तुला मिळणारच नाही. त्याला 180 आणि कॅल्क 1 आधी झालेला लागतो, सिस्टीमच अडवते. तो दुसऱ्या सेमचा कोर्स आहे, त्याच्या सोबत 240 येतो, सी प्रोग्रॅमिंगचा. मग सोफोमोअरला, म्हणजे दुसऱ्या वर्षी, 250 आणि 251. ही साखळी आहे, म्हणून मामांना सांग की 18 क्रेडिट घेतल्याने सीएस लवकर संपत नाही. 180 शिवाय 240 नाही, 240 शिवाय पुढचं नाही. बाजूचे जेनरल कोर्स पटापट संपवलेस तरी ही माळ एकेक मणी करूनच ओवावी लागते. आणि या कोअर कोर्सना नुसतं पास होऊन चालत नाही, सी ग्रेड किंवा वर लागतो, खाली आला की तो कोर्स परत आणि माळ एक सेम पुढं सरकली. लोनच्या हिशेबाने बघायचं तर खरा खर्च तिथं आहे.

दुसरं, टूल्सचा कोर्स (193) तू सोडलास आणि नेमका तोच घ्यायला पाहिजे. कमांड लाइन, गिट, एडिटर, असली कामं शिकवतात, जी सगळ्यांना येतात असं गृहीत धरलं जातं आणि आपल्याकडून आलेल्या पोराला येत नसतात. बायफोकलला तू टर्बो सी++ च्या निळ्या स्क्रीनवर प्रोग्रॅम लिहिलेस ना? मी पण. 8085 चे ऑपकोड अजून पाठ आहेत, पण पहिल्या आठवड्यात टर्मिनल उघडून "या फोल्डरमध्ये जा" म्हटलं तेव्हा मी माउस शोधत होतो. खोटं नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे कुणी सांगत नाही. तू एफ-1 वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर आहेस, म्हणून प्रत्येक सेमला कमीत कमी 12 क्रेडिट पाहिजेतच (आणि त्यात ऑनलाइन कोर्स एकच मोजतात, 3 क्रेडिटपर्यंत). अमेरिकन पोरगा कोर्स झेपत नाही म्हटल्यावर सरळ ड्रॉप करतो. तू ड्रॉप करून 12 च्या खाली गेलास तर व्हिसा स्टेटसचा प्रश्न, त्याला इंटरनॅशनल ऑफिसची आधी परवानगी लागते आणि ती मागेल त्याला मिळत नाही. म्हणून प्लॅन करताना टोटल बघायची नाही, सगळ्यात जड कोर्स टाकून दिला तर किती उरतात ते बघायचं. 15 घेतलेस आणि 4 चा कोर्स सोडायची वेळ आली, उरले 11, अडकलास. 16 घेतलेस तर उरतात बरोबर 12. 18 मध्ये पण उरतात, पण 18 मध्ये सोडायची वेळ जास्त येते.

तर 180 (4), कॅल्क 1 म्हणजे 165 (4), इंग्लिश 106 (4), टूल्स (1) आणि एखादा 3 चा तुझ्या आवडीचा. 16. झालं. कॅल्क 1 दोन रूपात दिसेल, 161 पाच क्रेडिटचा आहे, त्यात आधीची उजळणी जास्त. तुला 165 बरा.

डेरिव्हेटिव्ह_दादा

वरच्या भावाचं बाकी सगळं पटलं पण कॅल्क 1 परत करायला मी नाही म्हणेन. 94 मार्क आहेत पोराला! बारावीच्या पार्ट 2 मध्ये डिफरन्शिएशन, अॅप्लिकेशन्स, इनडेफिनिट, डेफिनिट, वर डिफरन्शियल इक्वेशन्स पण आहे. हे सगळं करून आलेल्या माणसाने चार महिने परत एक्स स्क्वेअरचं डेरिव्हेटिव्ह काढत बसायचं? मी दुसऱ्या स्टेटमध्ये होतो, तिथं मॅथ डिपार्टमेंटची क्रेडिट एक्झाम असायची, दिली, पास झालो, चार क्रेडिट तिथंच खिशात. त्या जागेत मी इकॉनॉमिक्स घेतला आणि तो मला आजपर्यंत उपयोगी पडतोय. एचएससीच्या मार्कांवर आपोआप सहसा कुणी क्रेडिट देत नाही हे खरं, पण परीक्षा देता येते का ते अॅडव्हायझरला विचार. विचारायला काय पैसे पडतात?

रात्रीचा_कंपायलर

डेरिव्हेटिव्ह दादा, तुमचं जमलं, माझं नाही जमलं, म्हणून लिहितो. युनिव्हर्सिटीचं नाव नको. मी पण असाच शेर होऊन डायरेक्ट कॅल्क 2 ला बसलो होतो आणि 18 क्रेडिट होते, हाच प्लॅन, फक्त स्पीचच्या जागी केमिस्ट्री. सप्टेंबरभर मजा, इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन, सगळं आपलंच. मग सिरीज चालू झाल्या. कन्व्हर्जन्स टेस्ट, टेलर सिरीज. आपल्या अकरावीच्या सिक्वेन्स-सिरीजमध्ये एपी-जीपी होतं, हे नव्हतं. आणि तो भाग नेमका ऑक्टोबरच्या त्या आठवड्यात आला ज्यात सीएसचा प्रोजेक्ट, केमिस्ट्रीची मिडटर्म आणि इंग्लिशच्या पेपरचा ड्राफ्ट असं तिन्ही होतं. मला अजून आठवतंय, रात्री दोन वाजता डॉर्मच्या किचनमध्ये मॅगीचं पाणी उकळत ठेवून मी रेशो टेस्ट वाचत होतो आणि पाणी पूर्ण आटून भांडं जळलं, फायर अलार्म वाजला, अख्खा मजला नाईट ड्रेसवर बाहेर थंडीत. मिडटर्मला 41 आले. शंभरपैकी.

कॅल्क सोडला, ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे कोर्स मध्येच सोडला) आला, तो काही एवढा वाईट नसतो. पण बाकीच्यांचं जे नुकसान व्हायचं ते तोपर्यंत झालं होतं.

आपली पोरं कुठं फसतात माहितीये का, विषय अवघड म्हणून नाही. आपल्याला वर्षभर निवांत आणि शेवटचे दोन महिने जाळ, अशी सवय असते. इथं दर आठवड्याला काहीतरी जमा करायचं असतं आणि त्याचे मार्क शेवटच्या ग्रेडमध्ये धरतात. एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला साधारण एक तास वर्ग, आणि वर्गातल्या एका तासाला बाहेर दोन तास धर, म्हणजे 16 क्रेडिटचे आठवड्याला 48 तास झाले. 18 चे 54. त्यात कपडे धुणं आलं, आणि कॅम्पसवर जॉब करायचा असेल तर तो वेगळा (सेम चालू असताना 20 तासांच्या वर करता येत नाही, पण पहिल्या सेमला 20 करूच नकोस).

आणि एक, मराठी/इंडियन पोरांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असेलच, त्यावर होमवर्कचा कोड टाकायचा नाही आणि घ्यायचा नाही. कोडची कॉपी पकडणारं मॉस नावाचं सॉफ्टवेअर आहे, स्टॅनफर्डचं, नव्वदच्या दशकापासून वापरात आहे, व्हेरिएबलची नावं बदलून त्याला काही फरक पडत नाही. माझ्या ओळखीतले दोघं एकमेकांचं बघून लिहिलेल्या लूपवर पकडले गेले. एआय वापरायला चालतं का ते प्रत्येक कोर्सच्या सिलॅबसमध्ये लिहिलेलं असतं, तेवढं पान नीट वाच.

नेपरव्हिलची_मावशी

माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी यातून गेली (दुसरीकडे, पण सीएसच). बाळा, एक सुचवते. स्पीच आणि इंग्लिश कॉम्पोझिशन एकाच सेमला घेऊ नकोस. तू मराठी मीडियमचा, दोन्हीकडे दर आठवड्याला इंग्लिशमध्ये लिहा आणि बोला, त्यात उच्चार नवे, थंडी नवी. एक आत्ता, एक जानेवारीत.

वेळापत्रक पण बघ. मुलीने पहिल्या सेमला साडेसातचा क्लास घेतला होता, म्हणे आई मी सकाळी लवकर उठते. नोव्हेंबरात साडेसातच्या क्लाससाठी उठायच्या वेळी बाहेर अंधार असतो गं बाई, आणि भारतातून फोन यायची वेळ रात्रीची. शुक्रवार मोकळा राहील असं करायला सगळे बघतात आणि मग मंगळवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा सलग क्लास, मध्ये जेवायला वेळ नाही. दुपारी एक तास मोकळा ठेव, एवढं माझं ऐक.

आणि मामा चांगल्या मनानेच सांगतायत, त्यांच्याशी वाद घालू नको.

वाबाशकाठचा

कॅल्कचं भांडण मिटवायला एक सोपा उपाय आहे. पर्ड्यूच्या मॅथ डिपार्टमेंटच्या साइटवर जुन्या परीक्षांचे पेपर ठेवलेले आहेत. 165 ची एक फायनल डाउनलोड कर, दोन तास घड्याळ लाव, कॅल्क्युलेटर नाही, फॉर्म्युल्याची वही नाही, आणि सोडव. मल्टिपल चॉइस असते. म्हणजे बोर्डाच्या पेपरसारखे स्टेपचे मार्क नाहीत, साइन चुकली की पूर्ण प्रश्न गेला. बहुतेक सगळे बरोबर आले तर दादांचं ऐक आणि क्रेडिट एक्झामची चौकशी कर. नाहीतर गुपचूप 165.

182 आत्ता मिळत नाही म्हणून हळहळू नको, त्याची तयारी तुझ्या घरातच आहे. बारावी पार्ट 1 चा पहिला धडा, मॅथेमॅटिकल लॉजिक, ट्रुथ टेबल आणि क्वांटिफायर, आणि अकरावीचे मेथड ऑफ इंडक्शन, सेट्स अँड रिलेशन्स, पर्म्युटेशन. डिस्क्रीटची सुरुवात जवळजवळ हीच आहे, फरक एवढाच की इथं "सिद्ध करा" म्हटल्यावर खरंच सिद्ध करावं लागतं, पाठ केलेलं चालत नाही. पुस्तकं सामानात घालू नकोस, वजन होतं, बालभारतीच्या साइटवर पीडीएफ आहेत.

मिरज_जंक्शन

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काल संध्याकाळी पेपर सोडवला. आईला सांगितलं दोन तास हाक मारू नको, तिने दोनदा मारली. पंचवीस प्रश्न होते, दहा चुकले. त्यातले चार निव्वळ साइनच्या चुका, बोर्डात तिथं अर्धा मार्क गेला असता. दोन रिलेटेड रेट्सचे इंग्लिशच समजलं नाही, शिडी भिंतीवरून घसरतीये की माणूस चढतोय ते कळेना. म्हणून दादा सॉरी, 165 घेतोय.

म्हणजे 180, 165, 106, टूल्स आणि तीन क्रेडिटचा एक, त्यात मला खगोलशास्त्राचा घ्यायचाय, जागा असेल तर. 16. मामांना फोन करून ती 12 उरण्याची भानगड सांगितली, ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले "हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझ्या वेळी मी 13 घेतले होते." बाबांनी कागदावर चार वर्षांचं मांडून बघितलं, 120 भागिले 8 म्हणजे 15 च येतात, मग म्हणाले ठीकाय.

उद्या रात्री साडेआठला मीटिंग, तिकडचे सकाळचे अकरा. एकच टेन्शन आहे, आमच्याकडे पावसात लाइट जाते.

वाबाशकाठचा

मोबाइल चार्ज करून ठेव आणि हॉटस्पॉट आजच लावून बघ. आणि टूल्सचं नाव तूच काढ, अॅडव्हायझर काढेलच असं नाही.

नेपरव्हिलची_मावशी

आणि आईला म्हणावं, उद्या साडेआठला हाक मारू नका.