खांद्याजवळ हात मोडलेल्या सत्तरीच्या बाईला प्लेट कशासाठी?

वारणा

माझी आत्या अंगणात शेवाळावरून घसरली आणि डाव्या खांद्यावर पडली. वय ७१, मधुमेह आहे, गोळ्या चालू. दंडाचं हाड वर, खांद्याच्या गोळ्याच्या जरा खाली मोडलं आणि जागचं सरकलं. पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "प्लेट टाकावी लागेल, उद्या सकाळी पहिली केस घेतो." दुसरा काही पर्याय आहे का असं विचारलं, तर "मग हात वर जाणार नाही" एवढंच उत्तर. दुसऱ्या डॉक्टरांनी तीच फिल्म बघून गळ्यात झोळी अडकवली, दहा दिवसांनी परत एक्स-रे काढायला बोलावलं आणि पुढे व्यायाम सांगितले.

एकट्या आत्यावरून मला काही सिद्ध करायचं नाही. पण त्यानंतर मी या विषयावर जे वाचलं त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे: साठीच्या पुढच्या माणसाचं हाड असं खांद्याजवळ मोडलं, आणि ऑपरेशनचं तसंच काही खास कारण नसेल, तर झोळी हा ऑपरेशनच्या बरोबरीचा पर्याय म्हणून पेशंटसमोर ठेवलाच पाहिजे. "उद्या सकाळी" म्हणण्याच्या आधी.

ब्रिटनमध्ये 'प्रॉफर' नावाची चाचणी झाली. ३२ सरकारी रुग्णालयं, २५० रुग्ण, सगळ्यांचं हाड खांद्याजवळ मोडून हललेलं. कोणाला काय द्यायचं ते सोडत काढून ठरवलं. एका गटाला ऑपरेशन, म्हणजे बहुतेकांना लॉकिंग प्लेट (जिच्यात स्क्रू घट्ट अडकून बसतात अशी धातूची पट्टी) आणि काहींना कृत्रिम गोळा. दुसऱ्या गटाला झोळी. पुढचा व्यायाम दोघांनाही. निकाल २०१५ साली आला. खांदा रोजच्या कामाला किती चालतो त्याला ४८ पैकी गुण देतात. दोन वर्षांत ऑपरेशनवाल्यांची सरासरी ३९.०७, झोळीवाल्यांची ३८.३२. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हाही फरक नव्हता. सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्याचा सूरही हाच आहे.

मग भूल, चिरा, टाके, मधुमेहात जंतुसंसर्गाची भीती, हे सगळं कशासाठी घ्यायचं?

हाडं_सांधे

मी अस्थिरोग सर्जन आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी काम करतो. तुमच्याशी असहमत, आणि जोरात.

प्रॉफर आम्हीही वाचली आहे. १२५० जणांची छाननी करून त्यातले २५० घेतले. ज्याला ऑपरेशन लागणारच असं सर्जनला वाटलं, तो आधीच बाहेर काढला होता. म्हणजे जिथे सर्जनच द्विधा मनःस्थितीत होते, तिथे फरक पडला नाही, एवढंच त्यातून कळतं. गोळा सांध्यातून निखळला असेल, गोळ्याच्याच चिरफळ्या झाल्या असतील, रक्तवाहिनी दुखावली असेल किंवा हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल, त्या पेशंटबद्दल ही चाचणी काहीच बोलत नाही. उद्या असा पेशंट तुमचा धागा वाचून झोळी मागेल, त्याला काय सांगू?

दुसरं, २५० पैकी २४९ रुग्ण गोरे होते. तिसरं, तो ४८ गुणांचा तक्ता बघा. सुरीकाट्याने जेवता येतं का, जेवणाचा ट्रे नेता येतो का, कपाटात कपडे टांगता येतात का. माझ्याकडे येणाऱ्या बाईला भाकऱ्या थापायच्या असतात, डोक्यावर घागर धरायची असते, जमिनीवरून हाताचा रेटा देऊन उठायचं असतं. तिचा हात ३८ गुणांचा झाला म्हणून तिचं भागलं, हे कोणी ठरवलं?

वारणा

@हाडं_सांधे, निखळलेला गोळा, उघडी जखम, रक्तवाहिनी, हे सगळं "खास कारण" यात मी धरलेलंच आहे. त्यावर वादच नाही. वाद उरलेल्यांचा आहे, आणि पडून मोडलेल्या म्हाताऱ्या खांद्यांत उरलेलेच जास्त असतात.

२४९ गोऱ्यांचा मुद्दा रास्त आहे. पण तो दोन्ही बाजूंना लागतो. आपल्याकडच्या बायकांना प्लेटने जास्त फायदा होतो, असं तरी कुठे दिसलं आहे? पुरावा नसताना चिरा आधी, हा क्रम का? आणि भाकरी थापताना हात खांद्याच्या वर जात नाही. घागरीला जातो, हे मान्य.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये फ्रॅक्चर क्लिनिकमध्ये नर्स आहे. इथे या वयाच्या बहुतेकांना कॉलर आणि कफ (मनगट गळ्याला अडकवणारा पट्टा) किंवा झोळीच मिळते, आणि त्यात कोणाला हयगय वाटत नाही. पण घरी पाठवताना जे सांगायला हवं ते आवर्जून सांगावं लागतं. पहिले दोन आठवडे फार वाईट जातात. चौथ्या-पाचव्या दिवशी दंड कोपरापर्यंत काळानिळा होतो, कधी छातीच्या बाजूलाही उतरतो, आणि लोक घाबरून धावत येतात. ते आतलं रक्त खाली उतरलेलं असतं. आडवं झोपता येत नाही. तक्क्याला टेकून, जवळजवळ बसूनच झोपायचं. दंडाखाली उशी घेताना कोपर मागे जाऊ द्यायचं नाही. काखेत घाम साचून कातडी सोलवटते, म्हणून पुढे वाकून काख पुसायची आणि कोरडी करायची. समोरून उघडणारा गाऊन, आणि तो घालताना मोडलेला हात आधी, काढताना शेवटी.

हे घरच्यांना कोणी नीट सांगितलं नाही, तर तिसऱ्याच रात्री "यापेक्षा ऑपरेशन परवडलं असतं" असं वाटू लागतं.

हाडं_सांधे

@लेस्टरकर, उत्तम माहिती. पण तिथे ऑपरेशनला रांगा आहेत, त्यामुळे न करण्याकडे व्यवस्थेचाच कल असतो. तो कल इथे आणून शास्त्र म्हणून सांगू नये.

लेस्टरकर

रांगा आहेत, खरं आहे. पण प्रॉफरमध्ये निम्म्यांचं ऑपरेशन ठरवून केलंच होतं ना? रांगेमुळे कोणी झोळीत गेलं नाही, सोडतीने गेलं. आणि इथल्या सरकारी सर्जनला ऑपरेशन केलं काय, न केलं काय, पगार तेवढाच.

अनुराधा_ठाणे

पैशाचं बोलायचं तर डॉक्टरांच्याच नव्हे, आपल्याही बाजूचं बोलू या. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी २४ तास दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाहीत. झोळी, दर काही दिवसांनी एक्स-रे, महिनोन्महिने फिजिओथेरपी, सगळं खिशातून. उलट प्लेट कॅशलेस. माझ्या सासूबाईंच्या वेळी घरातूनच आग्रह झाला, "पॉलिसी आहे, करून टाका." डॉक्टर बिचारे "थांबून बघू" म्हणत होते. या धाग्यावर सगळा दोष सर्जनच्या पदरात पडतोय, ते मला पटत नाही.

सातपुडा

धागा एकाच प्रकारच्या फ्रॅक्चरवर चालला आहे. दंड मधोमध मोडला तर? माझा धाकटा भाऊ, वय २९, दुचाकीवरून पडला. डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हणून ब्रेस दिला. तीन महिने झाले तरी हाड जुळेना, मोडल्या जागी हात हलायचा, बाहेरून दिसायचा. शेवटी प्लेट आणि कमरेचं हाड घेऊन भरावं लागलं. तोवर नोकरीही गेली. त्याला कोणी सुरुवातीलाच प्लेट दिली असती तर? "ऑपरेशन टाळा" हा सल्ला वाचून लोक किती मोठी किंमत मोजतात ते इथे कोणी लिहीत नाही.

भीमथडी

@सातपुडा, भावाबद्दल वाईट वाटलं. पण मधल्या दंडाला ब्रेस ही काही आजची हौस नाही. सार्मिएंटो या अस्थिरोग सर्जननी हा ब्रेस १९७७ साली मांडला. दोन कवचांत दंड आवळायचा, खांदा-कोपर मोकळे ठेवायचे, हात लोंबता ठेवला की स्नायूंचा दाब आणि हाताचं वजनच हाडाला रांगेत आणतं. २००० साली त्यांनी आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला, त्यात कातडी न फाटलेल्या फ्रॅक्चरमध्ये न जुळण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्याही आत होतं. शिवाय दंडाचं हाड थोडं वाकडं जुळलं तरी चालतं, कारण खांदा सगळीकडे फिरतो आणि ते वाकडेपण झाकून घेतो. पायाच्या हाडाचं तसं नाही.

सातपुडा

तोच हिशेब पूर्ण सांगा. ब्रेस लावला ९२२ जणांना, शेवटपर्यंत पाहिले ६२०. बाकीचे तीनशे कुठे गेले? हाड न जुळलेला माणूस वैतागून दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, तो पहिल्याच्या वहीत दिसत नाही.

आणि फिनलंडची चाचणी बघा, हेलसिंकी आणि टाम्पेरे इथली. ८२ रुग्ण, प्लेट की ब्रेस हे सोडतीने, निकाल २०२० साली. वर्षाअखेर दोन्ही गट साधारण सारखे, असंच सगळे सांगतात. पण ब्रेसवाल्या ४४ पैकी १३ जणांना मधेच ऑपरेशन करावं लागलं. दहातले तीन! आणि ज्यांचा ब्रेस फसला, त्यांचा हात दोन वर्षांनीही सुरुवातीलाच ऑपरेशन झालेल्यांपेक्षा मागे होता. "सरासरी सारखी" हे वाक्य त्या तिघांना ऐकवून बघा.

भीमथडी

आणि दहातल्या सातांनी ऑपरेशनशिवाय तेवढाच हात मिळवला. त्यांच्या दंडावर चिरा घ्यायचा, मनगट वर उचलणारी रेडियल नस अगदी हाडाला लगटून जाते तिथे, तो या तिघांसाठी? सुरुवातीच्या आठवड्यांत हाड जुळण्याची चिन्हं दिसत नसतील, तर तिसऱ्या महिन्याची वाट न पाहता निर्णय बदलावा, हा धडा मी यातून घेईन. तुमच्या भावाच्या बाबतीत उशीर झाला, ब्रेस चुकला असं मला वाटत नाही.

हाडं_सांधे

इथे मी सातपुडांच्या बाजूने. तरुण, कष्टाचं काम, मधला दंड, त्यात तंबाखू-सिगारेट असेल तर माझा कल प्लेटकडे. मात्र एक सांगतो, कारण याची भीती घालून ऑपरेशनं होतात: मधला दंड मोडल्यावर मनगट लुळं पडलं, पंजा वर उचलता येईना, तर ती रेडियल नस दुखावलेली असते. साधारण दहात एकाला होतं. कातडी फाटलेली नसेल, तर केवळ तेवढ्यासाठी लगेच उघडून बघायची गरज नसते. बहुतेकांची नस काही महिन्यांत आपोआप जागी होते. तोवर मनगटाला आधार द्यायचा आणि बोटं आखडू द्यायची नाहीत.

कोकणी_वारा

आमच्याकडे हाडवैद्य आहेत, तेल लावून, मोडलेलं हाड ओढून बसवतात. त्यांच्याबद्दल कोणीच का लिहीत नाही?

फिजिओ_नाशिक

@कोकणी_वारा, खांद्याजवळच्या ताज्या फ्रॅक्चरवर मालीश आणि ओढाताण अजिबात नको. काखेतून नसा आणि मोठी रक्तवाहिनी जाते.

बाकी सगळ्यांना. प्लेट की झोळी यावर तुम्ही एवढे भांडताय, पण माझ्याकडे खांदा धरलेल्या ज्या बायका येतात, त्यांत दोन्हीकडच्या असतात. त्यांच्यात सारखं असतं ते एकच, कोणीतरी सांगितलेलं "हात हलवू नका". महिना-दीड महिना हात छातीशी बांधून ठेवायचा आणि मग म्हणायचं हात वर जात नाही. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं. खांद्याला डॉक्टरांनी हो म्हटलं की, ते बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच म्हणतात, झोका. चांगला हात ओट्यावर टेकवायचा, कमरेत वाकायचं, मोडलेला हात सैल सोडायचा आणि अंग हलवून त्याला फिरू द्यायचं. आधी बांगडीएवढं वर्तुळ, मग वाटीएवढं, मग ताटाएवढं. हात स्वतःहून उचलायचा नाही. आणि हे दिवसातून चार-पाच वेळा, फिजिओच्या दारात आल्यावरच नव्हे. वेणी घालता येऊ लागली की बाईच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते कुठल्याच तक्त्यात मावत नाही.

हाडं_सांधे

@फिजिओ_नाशिक, शंभर टक्के.

@वारणा, तुम्ही ज्या प्लेटविरुद्ध बोलताय तिच्या पुढे गोष्टी गेल्या आहेत. नॉर्वेत ६५ ते ८५ वयाच्या १२४ जणांवर चाचणी झाली, निकाल २०२० साली. एका गटाला प्लेट, दुसऱ्याला रिव्हर्स सांधा, म्हणजे गोळा आणि वाटी यांची अदलाबदल केलेला कृत्रिम खांदा. दोन वर्षांनी १०० पैकी गुण: रिव्हर्सवाल्यांना ६८, प्लेटवाल्यांना ५४.६. प्रॉफरमध्ये हा सांधा नव्हताच. फार चुरा झालेल्या खांद्यात मी आता यालाच पहिली पसंती देतो.

वारणा

म्हणजे प्लेटपेक्षा रिव्हर्स बरा. झोळीपेक्षा बरा, असं या चाचणीतून निघत नाही, कारण झोळीवाला गट त्यात नव्हताच. उलट माझ्या शीर्षकातल्या प्रश्नाला यातून जोरच मिळतो. प्लेट झोळीला हरवू शकली नाही आणि रिव्हर्सपुढे हरली, तर सत्तरीच्या बाईला प्लेट सुचवायची कशाच्या आधारावर?

हाडं_सांधे

चांगलं हाड, दोनच तुकडे, पूर्ण सुटलेले, धडधाकट बाई. तिथे मी प्लेट टाकतो आणि टाकत राहीन. माझ्या हातचे निकाल मला माहीत आहेत. पण तुमच्या आत्याला दुसरा पर्याय न सांगता ऑपरेशनची वेळ दिली, ते मला मान्य नाही. दोन्ही रस्ते सांगायचे आणि मग आपला कल सांगायचा.

एक विचारतो. उभ्या जागेवरून पडून खांदा मोडला म्हणजे हाड ठिसूळ झालंय, असं धरून चालायचं. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, ड जीवनसत्त्व, हाडांचं औषध, यातलं काही कोणी सांगितलं का? खांदा मोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षात खुबा मोडण्याचा धोका बराच वाढलेला असतो. तिथे झोळी चालत नाही.

वारणा

नाही. दोघांपैकी कोणीच नाही सांगितलं. या आठवड्यात डेक्साची वेळ घेते. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत हाडांचं औषध चालतं का, ते फिजिशियनना विचारावं की अस्थिरोगवाल्यांना?

हाडं_सांधे

फिजिशियनपासून सुरुवात करा, पण जाताना मूत्रपिंडाचे आणि कॅल्शियमचे रिपोर्ट सोबत न्या, त्यावर बरंच ठरतं. दातांचं काही काम करायचं असेल तर ते औषध सुरू करण्याआधी सांगा. आणि अंगणातलं शेवाळ खरवडून घ्या.