मदत हवी आहे: आउटबोर्ड रेसिंगमध्ये नवं इंजिन कसं आणावं?

नमस्कार मंडळी. मी मिशिगनला असतो, मुलगी आणि मी दोघंही हौशी स्टॉक आउटबोर्ड बोटी पळवतो. आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला बाहेरून बसवलेलं इंजिन. स्टॉक म्हणजे इंजिन कंपनीतून जसं आलं तसंच वापरायचं, आतले भाग घासून-कोरून बदल करायचे नाहीत.

अडचण इंजिनांची आहे. १९५०च्या दशकातली मर्क्युरी मार्क २० एच अजून पाण्यात उतरतात, पण सुटे भाग शोधता शोधता जीव जातो. जपानच्या क्योतेई (मोटरबोटींच्या) शर्यतींतून निवृत्त झालेल्या यामाटो इंजिनांनी बराच आधार दिला. तरी नवीन पोरांनी काय घ्यायचं? दुकानात मिळेल असं इंजिन हवंच, असं माझं ठाम मत आहे.

क्लबात दोन तट आहेत. नव्या इंजिनाला वेगळा वर्ग दिला, तर एकेका शर्यतीत तीन-चारच बोटी उरतील. जुन्यांबरोबर सोडलं, तर ज्यांनी वर्षानुवर्षं जुनं इंजिन जिवापाड जपलं त्यांच्यावर अन्याय होईल, आणि तो मला खरंच नको आहे.

गो-कार्टिंग किंवा मोटरसायकल रेसिंगमधलं कुणी आहे का इथे? बरोबरी साधायला आधी काय करावं: हवेच्या वाटेत रिस्ट्रिक्टर (इंजिनात जाणारी हवा कमी करणारा अडसर), की चालकासह बोटीचं किमान वजन वाढवणं? चाचणी एकाच चालकाने, एकाच बोटीवर घ्यावी का? प्रोपेलर बदलला की सगळे आकडे बदलतात, ते कसं सांभाळता?