स्पीडीचा पराक्रम आणि 'एकट्याने जिंकलं'वाली पोस्ट

शिडाची_दोरी
काल एक पोस्ट फिरत होती, 'एकट्या कॉक्रेनने चिमुकल्या स्पीडीवरून ३२ तोफांचं स्पॅनिश जहाज जिंकलं, आपल्याकडे असं धाडस कोणी केलंच नाही'. तिथे कमेंट बंद करून ठेवल्यात म्हणून इथे लिहितोय, लांबेल, आधीच सांगतो.

कॉक्रेन म्हणजे इंग्रज नौदलाचा कप्तान, स्पीडी ही त्याची छोटी लढाऊ बोट. एकट्याने? अहो ५४ माणसं होती त्या बोटीवर! ६ मे १८०१, बार्सिलोनाजवळ. स्पीडीला १४ तोफा, त्याही जेमतेम चार पौंड वजनाचा गोळा टाकणाऱ्या. एका बाजूचे सगळे गोळे खिशात घालून मी डेकवर फेऱ्या मारायचो असं कॉक्रेनने स्वतःच लिहून ठेवलंय, म्हणजे बघा. समोर ते स्पॅनिश जहाज, एल गामो, ३१९ जण. स्पीडी तिला इतकी खेटली की गामोच्या तोफांचे गोळे डोक्यावरून जायला लागले आणि स्पीडीच्या तोफा खालून वर डेक फोडत राहिल्या. मग तोंडाला काळं फासून निम्मे पुढून चढले, बाकीचे बाजूने. स्पीडीवर उरला कोण, तर डॉक्टर गथ्री, सुकाणू धरून. त्याचं नाव आहे का पोस्टमध्ये? लेफ्टनंट पार्कर चढाईत जबर जखमी झाला त्याचं?

आणि स्पीडी पाण्यात उतरली १७८२ ला, इंग्लंडात डोव्हरला. हे साहेब आले १८०० मध्ये. त्याआधी काय ती मुरत घातली होती? १७९४ ला फ्रेंचांनी पकडली, पुढच्या वर्षी परत घेतली, मग आधीचा कप्तान ब्रेंटनच्या हाताखाली जिब्राल्टरपाशी गनबोटींशी भांडली. ते सगळं गेलं पाण्यात, उरले एका माणसाचे तेरा महिने.

कागदी_होडी
भाऊ, पार्करचं नाव घेतलंत तर पुढचं पण सांगा की. त्याला बढती नाकारली, कारण काय, तर स्पीडीवर फक्त तीन माणसं मेली! तेव्हा त्याच्यासाठी कोण भांडलं? कॉक्रेनच. नौदलाचा प्रमुख सेंट व्हिन्सेंटला सरळ लिहिलं की तुम्हाला अर्लपद ज्या लढाईने मिळालं त्यात तुमच्या स्वतःच्या जहाजावर एकच मेला होता. सर्वात वरच्या साहेबाला असं लिहिणारा माणूस श्रेय चोरतो म्हणता? ऑफिसात करून बघा एकदा.

मांडवा_लाँच
श्रेयाचं सोडा, धंदा काय होता ते बोला. तेरा महिन्यांत ५० च्या वर जहाजं पकडली, १२२ तोफा, ५३४ कैदी. जहाज विकायचं आणि पैसे वाटून घ्यायचे. गोऱ्याने केलं की 'प्राइझ', म्हणजे युद्धातली कायदेशीर कमाई, कान्होजी आंग्र्यांनी दस्तक, म्हणजे समुद्रात फिरायचा परवाना, न घेणाऱ्याला अडवलं की 'पायरेट'. माझ्या मुलीने शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत आंग्र्यांवर भाषण केलं, तर परीक्षक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या 'पण ते चाचेच होते ना गं'. पोरगी दोन दिवस जेवली नाही नीट. अलिबागच्या पोरीला हे ऐकवता?

शनिवारातला
बाईंचं चुकलंच, पण तुमची तुलना पण चुकते. युद्ध चालू असताना शत्रूचं जहाज पकडून कोर्टात कागद दाखवणं वेगळं आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडून दस्तकाचे पैसे घेणं वेगळं.

मांडवा_लाँच
पोर्तुगीज कार्ताझ, म्हणजे त्यांचे परवाने, विकायचे ते काय प्रसाद म्हणून? कान्होजी सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते, शाहू महाराजांचे. आणि तुम्ही शनिवारातले म्हणून विचारतो, १७५६ ला विजयदुर्गावर इंग्रजांना कोणी बोलावलं? इंग्रज आरमाराचा वॉटसन आला, क्लाइव्ह आला, तुळाजी आंग्र्यांचं आरमार एका दिवसात जळलं. आज ते असतं तर

शनिवारातला
आलं, आलंच! कुठलाही धागा काढा, तासाभरात विजयदुर्ग. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता हे सोयीस्कर विसरायचं. आणि आग लागली ती तुळाजीने ईस्ट इंडिया कंपनीकडून पकडून आणलेल्या रेस्टोरेशन जहाजावर गोळा पडला म्हणून. सगळी गलबतं एकमेकांना चिकटून कोणी उभी करायला सांगितली होती?

मांडवा_लाँच
म्हणजे घर जळलं तर चूक घरमालकाची. वा. नानासाहेब पेशव्यांनी घरातलं भांडण घरात मिटवलं असतं तर मुंबईकर इंग्रजाची टाप नव्हती.

शनिवारातला
बरं बाबा, इंग्रजांना सोबत घेणं महागात पडलं. मान्य. लिहून देऊ का स्टॅम्पपेपरवर?

इंजिनरूम_निवृत्त
मी ३१ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, म्हणून मूळ मुद्द्यावर येतो. स्पीडी 'क्लोमर' नावाच्या डॅनिश ब्रिगसारखी (दोन डोलकाठ्यांची बोट) रंगवली होती. स्पॅनिश युद्धनौकेने गाठलं तेव्हा पिवळा झेंडा चढवला, आमच्याकडे प्लेग आहे म्हणे, ते लांबूनच पळाले. गंमत अशी की आता पिवळा झेंडा लावला की अर्थ होतो आम्ही ठणठणीत आहोत, बंदरात घ्या. ही आयडिया कप्तानाची होती, दाद द्यायलाच हवी.

पण शिडाची_दोरी म्हणतात ते मी भोगलंय. भर समुद्रात कूलिंग पंप गेला, आमचा मोटरमन (इंजिनरूममधला खलाशी), रत्नागिरीकडचा, तीन तास वाफेत उभा राहून त्याने चालू केला, हाताची कातडी गेली. कंपनीकडून शाबासकीचं पत्र आलं कप्तानाच्या नावावर. ते मेसमध्ये चिकटवलं होतं, आणि मोटरमन त्याच्याखाली बसून जेवायचा.

कागदी_होडी
काका, हे वाईट झालं. ठीक आहे, 'एकट्याने' हा शब्द चुकला, घ्या. पण कॉक्रेन हरला तिथेही मोठा होता. ३ जुलै १८०१, फ्रेंचांची तीन मोठी लढाऊ जहाजं मागे लागली, याने तोफा समुद्रात फेकल्या तरी सुटका नाही. तलवार द्यायला गेला तर त्यातल्या देसे जहाजाच्या फ्रेंच कप्तानाने घेतली नाही. इंग्रजांच्या कोर्ट मार्शलनेही निर्दोष सोडला.

शिडाची_दोरी
पुन्हा त्याचंच! माणूस सुटला, बोट? ती नेपोलियनने पोपला भेट दिली, 'सॅन पाओलो' नाव पडलं तिचं. इंग्रज, फ्रेंच, परत इंग्रज, परत फ्रेंच, मग पोप. आणि जिंकलेली गामो त्यांच्या नेव्हीने ठेवलीच नाही, अल्जियर्सला विकून टाकली. यावर कधी पोस्ट पडली का?

शनिवारातला
पोपला युद्धनौका??

मांडवा_लाँच
त्यांना कोणी पायरेट म्हटलं नाही ते बघा.

इंजिनरूम_निवृत्त
डॉक्टर एकटा सुकाणूवर, दोन जहाजं एकमेकांत अडकलेली, वर शिडांचा गुंता, आणि आपली सगळी माणसं पलीकडे. मी तर म्हणतो त्या दिवशी सगळ्यात जास्त घाम त्यालाच फुटला असेल.